धाप लागलेल्या रुग्णाच्या छातीची सोनोग्राफी: खाटेजवळच होणाऱ्या या तपासणीतून काय कळतं?

समजा, रात्रीचे दोन वाजलेत. दर्यापूरजवळच्या एका गावात आजोबांना अचानक दम लागतो. आडवं होता येत नाही, बोलताना वाक्य पूर्ण होत नाही. अकोला गाठायचं की अमरावती, हे घरचे ठरवतात, गाडी काढतात आणि दवाखान्याच्या आपत्कालीन विभागात पोहोचतात. आजोबांना जुना दमा आहे, बीपी आहे, दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला आहे आणि चार दिवसांपासून ताप-खोकलाही आहे.

आता डॉक्टरांपुढे प्रश्न असतो: हा दमा उसळला आहे, हृदय कमी पडल्यामुळे फुफ्फुसात पाणी भरलं आहे, की न्यूमोनिया झाला आहे? तिन्ही शक्य आहेत. उत्तरासाठी हातात काही मिनिटंच आहेत. अशा वेळी काही डॉक्टर सोनोग्राफीचं छोटं यंत्र खाटेजवळ आणतात आणि रुग्णाच्या छातीवर प्रोब ठेवतात. नातेवाईक गोंधळतात. सोनोग्राफी तर पोटाची असते, दम लागलेल्या माणसाला तिचा काय उपयोग?

या लेखात तेच समजून घेऊ.

बाहेरून सारखं, आतून वेगळं

दम लागणं हे लक्षण आहे, आजार नाही. कारण कुठलंही असलं तरी बाहेरून चित्र जवळपास सारखंच दिसतं: जोरात चालणारा श्वास, घाम, घाबरलेला चेहरा, खाली आलेला ऑक्सिजन. स्टेथोस्कोप लावला तर दम्यात शिट्टीसारखा आवाज येतो. पण हृदयाच्या रुग्णाच्या फुफ्फुसात पाणी भरू लागलं की कधीकधी तसाच आवाज येतो. त्यात आपत्कालीन विभागातला गोंगाट.

उपचार मात्र कारणाप्रमाणे पार बदलतात. दम्याला नेब्युलायझर आणि स्टेरॉइड लागतं. हृदयामुळे फुफ्फुसात पाणी भरलं असेल तर ते उतरवण्यासाठी लघवी वाढवणारं औषध, बीपी आटोक्यात आणणारं औषध आणि दाबाने हवा देणारा मास्क लागतो. न्यूमोनियाला अँटिबायोटिक लागतं, आणि बीपी घसरलं असेल तर सलाईनही. फुफ्फुसाबाहेर हवा साठून फुफ्फुस दबलं असेल तर छातीत नळी टाकून ती हवा काढावी लागते, औषधाने भागत नाही.

इथे चूक महागात पडते. अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायची आपल्याकडची सवय जुनी आहे. पण फुफ्फुसात आधीच पाणी भरलेल्या माणसाला आणखी सलाईन चढवलं तर दम वाढतो. म्हणून पहिला प्रश्न असतो: फुफ्फुसात हवा आहे की पाणी? खाटेजवळच्या सोनोग्राफीची खरी ताकद याच प्रश्नाचं उत्तर देण्यात आहे.

हवेतून अल्ट्रासाउंड जात नाही, मग फुफ्फुस दिसतं कसं?

सोनोग्राफीचा प्रोब कानाला ऐकू न येणारा आवाज शरीरात सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार करतो. यकृत, किडनी, गर्भाशय यांतून हा आवाज नीट आत जातो. हवा लागली की मात्र तो जवळजवळ सगळा परत फिरतो. फुफ्फुस तर हवेनेच भरलेलं. म्हणून कित्येक वर्षं ‘फुफ्फुसाची सोनोग्राफी होत नाही’ असंच शिकवलं जात होतं.

ते अर्धंच खरं होतं. निरोगी फुफ्फुसाचा आतला भाग सोनोग्राफीत खरंच दिसत नाही. पण हवेवर आदळून परत येणारा आवाज पडद्यावर ठरावीक आकाराच्या खुणा उमटवतो. फुफ्फुसातली हवा कमी होऊन तिथे पाणी किंवा पू आला की या खुणा बदलतात. डॉक्टर फुफ्फुसाचा फोटो बघत नसतात, या खुणा वाचत असतात. शिवाय पाणी किंवा संसर्गाने एखादा भाग घट्ट झाला की आवाज आत शिरतो आणि तो भाग प्रत्यक्ष दिसू लागतो. म्हणजे आजारी फुफ्फुस निरोगी फुफ्फुसापेक्षा जास्त स्पष्ट दिसतं.

पडद्यावर डॉक्टर नेमकं काय बघतात?

रुग्णाला बसवून किंवा अर्धवट टेकवून छातीवर जेल लावतात. दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत प्रोब ठेवून छातीच्या दोन्ही बाजूंना, वर, खाली आणि कुशीकडे, ठरावीक ठिकाणी बघतात. सराव असलेल्या हाताला यासाठी काही मिनिटं पुरतात. मुख्य खुणा पाच.

१. घसरण. फुफ्फुसावर आणि छातीच्या भिंतीच्या आतून एक पातळ आवरण असतं, त्याला प्लुरा म्हणतात. श्वासागणिक फुफ्फुस या भिंतीवरून मागेपुढे सरकतं. पडद्यावर ती चमकती रेषा लुकलुकताना दिसते. घसरण दिसली तर त्या जागी फुफ्फुस भिंतीला टेकलेलं आहे. ती दिसली नाही तर मध्ये हवा साठल्याची शंका येते. जिथे घसरण थांबते आणि सुरू होते ती नेमकी सीमा सापडली, तर ही शंका जवळपास पक्की होते.

२. ए रेषा. प्लुराच्या रेषेखाली, तिला समांतर, सारख्या अंतरावर उमटणाऱ्या आडव्या रेषा. अर्थ: खाली हवा आहे. निरोगी माणसात त्या दिसतात, दम्यातही दिसतात.

३. बी रेषा. प्लुरापासून निघून पडद्याच्या तळापर्यंत न विझता जाणाऱ्या उभ्या, टॉर्चच्या झोतासारख्या रेषा. श्वासाबरोबर त्या हलतात आणि ए रेषा पुसून टाकतात. अर्थ: फुफ्फुसाच्या जाळीत पाणी किंवा सूज आहे. एखाददुसरी रेषा निरोगी माणसातही दिसू शकते. एकाच जागी तीन किंवा जास्त, आणि तशाच छातीच्या दोन्ही बाजूंना अनेक ठिकाणी असतील, तर फुफ्फुसात पाणी भरल्याची शक्यता मोठी.

४. घट्ट झालेलं फुफ्फुस. न्यूमोनियात फुफ्फुसाचा तुकडा यकृतासारखा भरीव दिसू लागतो. त्यात हवेचे चमकते ठिपके श्वासाबरोबर हलताना दिसले तर न्यूमोनियाकडे बोट जातं.

५. फुफ्फुसाबाहेरचं पाणी. फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये काळा पट्टा दिसतो.

‘छातीत पाणी झालं’ म्हणजे नेमकं कुठे?

हा शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यामुळे घरच्यांचा बराच गोंधळ होतो.

एक पाणी फुफ्फुसाच्या बाहेर, दोन आवरणांच्या मध्ये साठतं. टीबी, न्यूमोनिया, कॅन्सर, यकृत किंवा हृदयाचे आजार अशी त्याची कारणं असतात. हे पाणी सुईने काढता येतं आणि तपासायला पाठवता येतं. सोनोग्राफीत ते काळ्या पट्ट्यासारखं दिसतं. सुई कुठे टोचायची हेही पडद्यावर बघून ठरवता येतं, त्यामुळे इजा होण्याचा धोका कमी होतो.

दुसरं पाणी फुफ्फुसाच्या आत, हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये आणि त्यांच्या भिंतींमध्ये झिरपतं. बहुतेक वेळा हृदय किंवा किडनी कमी पडल्यामुळे असं होतं. हे पाणी सुईने निघत नाही. त्याला औषध किंवा डायलिसिस लागतं. सोनोग्राफीत ते बी रेषांच्या रूपात दिसतं.

डॉक्टरांनी ‘पाणी झालं’ असं सांगितलं तर ‘आत की बाहेर’ एवढं विचारलं, तरी पुढचा उपचार कळायला सोपं जातं.

ही पद्धत आली कुठून?

फुफ्फुसाची घसरण नसणं म्हणजे छातीत हवा साठणं, हे निरीक्षण पहिल्यांदा माणसात नाही, घोड्यात नोंदवलं गेलं. १९८६ मध्ये एका पशुवैद्यकाने ते मांडलं. माणसांच्या बाबतीत हा विषय पुढे नेला तो फ्रान्समधले अतिदक्षता तज्ज्ञ डॅनियल लिश्टेनस्टाईन यांनी. बी रेषा आणि फुफ्फुसातलं पाणी यांचा संबंध दाखवणारा त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध १९९७ मध्ये आला.

२००८ मध्ये त्यांनी ‘ब्लू प्रोटोकॉल’ प्रसिद्ध केला. श्वास अडचणीत आलेल्या रुग्णाच्या छातीवर कुठे प्रोब ठेवायचा आणि कोणती खूण दिसल्यावर कोणत्या निदानाकडे जायचं, याचा तो सोपा नकाशा आहे. दोन्ही बाजूंना ए रेषा आणि घसरण असेल तर पुढची पायरी म्हणून पायाच्या शिरांत रक्ताची गाठ आहे का, तेही सोनोग्राफीनेच बघायचं. कारण तिथली गाठ सुटून फुफ्फुसात अडकली तर दम लागतो, पण फुफ्फुस मात्र स्वच्छ दिसतं. २६० रुग्णांच्या त्या अभ्यासात या नकाशाने ९०.५ टक्के वेळा बरोबर निदान दिलं. त्यानंतर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने या तपासणीच्या शिफारशी जाहीर केल्या.

एक्स-रेपेक्षा चांगली आहे का?

काही बाबतींत, हो.

दम लागलेला माणूस ताठ उभा राहू शकत नाही, म्हणून अनेकदा त्याचा एक्स-रे आडवं ठेवूनच काढावा लागतो. आडव्या स्थितीत फुफ्फुसाबाहेरची हवा पुढच्या बाजूला पसरते आणि एक्स-रेत सहज निसटते. अपघातग्रस्त रुग्णांवरच्या अभ्यासांचा २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला. त्यात अशा साठलेल्या हवेच्या १०० रुग्णांपैकी सोनोग्राफीने साधारण ९१ पकडले, तर आडव्या एक्स-रेने साधारण ४७.

हृदयामुळे लागलेल्या दमाबद्दल इटलीतल्या सात आपत्कालीन विभागांत १,००५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तपासणीवरून डॉक्टरांनी अशा १०० रुग्णांपैकी साधारण ८५ ओळखले. त्याच तपासणीला फुफ्फुसाच्या सोनोग्राफीची जोड दिली, तेव्हा ९७.

पण दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागेल. डेन्मार्कमधल्या ओडेन्स इथे ३२० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासात, सोनोग्राफी केलेल्या गटात पहिल्या चार तासांत बरोबर निदान ८८ टक्के रुग्णांचं झालं, न केलेल्या गटात सुमारे ६४ टक्के. मात्र दोन्ही गटांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. म्हणजे निदान लवकर आणि नेमकं होतं, हे नक्की. त्यामुळे जीव वाचण्याचं प्रमाण आपोआप वाढतं, असं या अभ्यासावरून म्हणता येत नाही. निदानानंतरचा उपचारही तितकाच वेळेवर व्हावा लागतो.

आणखी दोन फायदे आहेत. या तपासणीत किरणोत्सर्ग नाही, म्हणून लहान मुलं आणि गर्भवती यांच्यासाठी ती सोयीची. आणि ती पुन्हापुन्हा करता येते. औषध दिल्यानंतर काही तासांनी बी रेषा कमी झाल्या का, हे त्याच खाटेवर बघता येतं.

वऱ्हाडात ही तपासणी कोणाच्या कामाची?

अकोला-अमरावती पट्ट्यातल्या काही रुग्णांच्या बाबतीत ‘हवा की पाणी’ हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

खारपाणपट्ट्यातले किडनीचे रुग्ण. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात भूजल खारं आहे आणि किडनीच्या आजाराची तक्रार जुनी आहे. डायलिसिसची पाळी चुकली की अंगातलं पाणी वाढतं आणि फुफ्फुसात उतरतं. रुग्ण दम लागून येतो. अशा वेळी छातीभर बी रेषा दिसल्या तर नेब्युलायझर देत बसण्यापेक्षा डायलिसिसची सोय करणं तातडीचं असतं.

सिकलसेलचे रुग्ण. विदर्भात आणि मेळघाटातही हा आजार आहे. अशा रुग्णाला ताप, छातीत दुखणं आणि दम लागला तर फुफ्फुसाचा गंभीर झटका असू शकतो. फुफ्फुसाचा घट्ट झालेला भाग सोनोग्राफीत लवकर सापडू शकतो आणि तरुण रुग्णाला वारंवार एक्स-रे काढण्याची गरजही कमी होते.

न्यूमोनियाची लहान मुलं. मुलांची छाती लहान आणि भिंत पातळ असते, त्यामुळे सोनोग्राफीत न्यूमोनिया चांगला दिसतो. धारणी, चिखलदऱ्याहून घाट उतरून अमरावतीला न्यायचं की तिथेच उपचार करायचे, हे ठरवताना अशा माहितीचं मोल मोठं असतं.

मण्यार चावलेला शेतकरी. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली तर पहाटे पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वास कमी पडतो. इथे फुफ्फुस स्वच्छ असतं, श्वासाचे स्नायू लुळे पडलेले असतात. दम लागलाय, पण ए रेषा आणि घसरण ठीक आहे, अशा वेळी डॉक्टरांनी फुफ्फुसाबाहेर कारण शोधायचं असतं. साखर बेसुमार वाढून रक्तात आम्ल साठलेले मधुमेही आणि रक्त फार कमी झालेले रुग्णही याच गटात येतात.

कोविडची आठवण तर ताजीच आहे. राज्यात दुसऱ्या लाटेची चाहूल आधी या भागात लागली होती. २२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूरमध्ये आठवडाभराचा लॉकडाऊन लागला. एचआरसीटीचा स्कोअर तेव्हा घराघरांत तोंडपाठ झाला होता. ज्या रुग्णाला सीटीच्या खोलीपर्यंत नेणंही धोक्याचं होतं, त्याच्यासाठी जगभरातल्या अनेक अतिदक्षता विभागांनी खाटेजवळच्या सोनोग्राफीचा आधार घेतला.

या तपासणीतून काय कळत नाही?

बरंच काही.

• फुफ्फुसाच्या अगदी आत असलेला, प्लुरापर्यंत न पोहोचलेला आजार दिसत नाही. मध्ये हवा आली की आवाज अडतो.

• बी रेषा म्हणजे नेहमीच हृदयाचं पाणी नाही. न्यूमोनिया, कोविडनंतरचे व्रण, फुफ्फुसाचं तंतुमय होणं यांतही त्या दिसतात.

• घसरण नसणं म्हणजे नेहमीच हवा साठणं नाही. जुन्या आजाराने फुफ्फुस भिंतीला चिकटलेलं असेल तरी घसरण दिसत नाही.

• स्वच्छ फुफ्फुस दिसलं म्हणून रक्ताची गाठ अडकलेली नाही, असं म्हणता येत नाही. त्यासाठी विशेष सीटी लागतो.

• खूप स्थूल शरीर, छातीवरची मोठी पट्टी किंवा कातडीखाली शिरलेली हवा असेल तर चित्र नीट येत नाही.

आणि सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे बघणारा माणूस. अमेरिकेतली आपत्कालीन डॉक्टरांची संघटना अशा प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी देखरेखीखाली २५ ते ५० वेळा सराव करण्याची शिफारस करते. सराव नसेल तर चुकीचं निदानही तितक्याच आत्मविश्वासाने होऊ शकतं. म्हणून ही तपासणी ईसीजी, रक्ततपासणी, एक्स-रे आणि रुग्णाची हकिगत यांच्या जोडीने वाचायची असते, त्यांच्या ऐवजी नाही.

मग प्रत्येक डॉक्टरच्या खिशात हे यंत्र का नाही?

आज मोबाइलला जोडता येणारे, खिशात मावणारे प्रोब मिळतात. तरीही आपल्याकडे ते स्टेथोस्कोपसारखे सहज वापरता येत नाहीत. त्यामागे गर्भलिंगनिदानाचा इतिहास आहे.

गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, तोच पुढे दुरुस्त होऊन पीसीपीएनडीटी कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. तरीही सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आली. त्यामुळे नियम कडक होत गेले.

गर्भाचं लिंग ओळखण्याची क्षमता असलेलं कुठलंही यंत्र या कायद्याखाली येतं, मग ते प्रत्यक्षात फक्त छाती बघायला वापरायचं असलं तरी. यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते, वापरणाऱ्याची पात्रता ठरलेली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार पोर्टेबल यंत्र नोंदणी असलेल्या आवारातच, तिथल्या दाखल रुग्णांसाठी वापरता येतं, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. त्यामुळे एखाद्या डॉक्टरने स्वतःचा प्रोब खिशात घालून गावोगाव फिरणं बेकायदा ठरतं.

डॉक्टरांच्या एका गटाचं म्हणणं असं, की आपत्कालीन वापरासाठी नियम सुटसुटीत करावेत. मुलींच्या घटत्या संख्येवर काम करणाऱ्यांना भीती वाटते, की सवलतीची फट पडली की गैरवापर आत शिरेल. दोन्ही बाजूंना जिवाचाच प्रश्न आहे. आजच्या चौकटीत वाट एकच: नोंदणीकृत यंत्र आपत्कालीन विभागातच ठेवणं आणि तिथल्या डॉक्टरांना पात्रतेसह प्रशिक्षण देणं.

त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयं महत्त्वाची. देशात आपत्कालीन वैद्यकशास्त्राला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता २००९ मध्ये मिळाली, म्हणजे ही शाखाच तरुण आहे. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयाला जोडलेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून आहे आणि २०२४ मध्ये शासकीय महाविद्यालयही सुरू झालं. इथे शिकणाऱ्या पिढीच्या हाताला प्रोबची सवय लागली, तर उद्या तालुक्याच्या ठिकाणी तिचा उपयोग होईल.

घरच्यांनी काय करावं?

सोनोग्राफी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. पण तिचा अर्थ लावायला लागणारी माहिती तुमच्याकडे असते.

• रुग्णाला जबरदस्तीने आडवं करू नका. टेकून बसवा. ऑक्सिजन ९० च्या खाली, ओठ निळे, बोलता न येणं किंवा गुंगी यांपैकी काहीही असेल तर लगेच १०८ ला फोन करा.

• दम अचानक लागला की हळूहळू वाढला, आडवं पडल्यावर वाढतो का, पायावर सूज आहे का, ताप आहे का, हे सांगा.

• चालू गोळ्यांची पाकिटं, जुना ईसीजी, इकोचा रिपोर्ट आणि जुने एक्स-रे सोबत न्या. डायलिसिस चालू असेल तर शेवटची तारीख सांगा.

• टीबी होऊन गेला असेल तर लपवू नका. जुने व्रण सोनोग्राफीत नवीन आजारासारखे भासू शकतात.

• दवाखान्यात पोहोचण्याआधी स्वतःहून सलाईन लावून घेऊ नका.

सुरुवातीच्या आजोबांकडे परत येऊ. त्यांच्या छातीच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत बी रेषा दिसल्या, तर हृदयाकडे संशय जाईल आणि सलाईन थांबेल. एकाच बाजूला घट्ट तुकडा दिसला, तर न्यूमोनियाचा उपचार लगेच सुरू होईल. सगळीकडे ए रेषा आणि नीट घसरण दिसली, तर दम्याचा विचार पुढे येईल, पण पायाच्या शिरा बघितल्यावरच. यंत्राने उत्तर दिलं असं यातल्या कुठल्याही वेळी म्हणता येणार नाही. त्याने डॉक्टरांची वाट तीनऐवजी एकीवर आणली, आणि दम लागलेल्या माणसाच्या बाबतीत त्या पहिल्या काही मिनिटांत तेवढंही पुष्कळ असतं.